मोजूनमापून शांतता

युरोपातल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट झगड्यांबद्दल वाचायला बसलं की लढाया, कत्तली आणि तह यांच्या याद्याच हाती लागतात. मला मात्र दरवेळी वेगळाच प्रश्न पडतो. तह झाला, सैन्यं निघून गेली. पण गाव तेच, गल्ली तीच, शेजारीही तोच. मग दुसऱ्या दिवसापासून ही माणसं एकमेकांशेजारी राहिली कशी? याचं मला सापडलेलं सगळ्यात विचित्र उत्तर म्हणजे दक्षिण जर्मनीतलं ऑग्सबुर्ग.

श्रीमंत व्यापाऱ्यांचं हे शहर. ल्यूथरच्या अनुयायांनी आपली श्रद्धा लिहून काढून सम्राटापुढे मांडली ती इथेच, १५३० साली. १५५५ चा प्रसिद्ध तहही इथलाच. ज्याचं राज्य, त्याचा धर्म! पण ज्या स्वतंत्र शहरांत दोन्ही पंथ आधीपासून होते, तिथे दोघांनीही राहायचं असं त्यात ठरलं. ऑग्सबुर्ग त्यातलंच एक. गंमत अशी, की बहुतेक लोक प्रॉटेस्टंट आणि नगरसभा मात्र कॅथलिकांच्या हातात. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५४८ मध्ये कारभाराची घडीच तशी बसवून दिली होती.

ठिणगी पडली ती चक्क कॅलेंडरवरून. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळून नवं कॅलेंडर आणलं, तेच जे आज आपल्या भिंतीवर असतं. नगरसभेला ते सोयीचं होतं. शेजारचा बव्हेरिया कॅथलिक, बाजाराच्या तारखा जुळायला नकोत? प्रॉटेस्टंटांना वाटलं, आज पोप ईस्टर कधी ते सांगतोय, उद्या आणखी काय सांगेल? जून १५८४ मध्ये विरोध करणाऱ्या गेऑर्ग म्युलर या धर्मोपदेशकाला शहराबाहेर काढायला गेले, तर लोकांनी रस्त्यावर उतरून त्याला सोडवलं. आता, हिशेबाने नवं कॅलेंडरच जास्त बरोबर होतं. पण भांडण सूर्याचं नव्हतंच मुळी. आमच्या सणाचा दिवस कोण ठरवणार, याचं होतं.

पुढे तीस वर्षांचं युद्ध आलं. सम्राटाच्या हुकुमानंतर ८ ऑगस्ट १६२९ रोजी प्रॉटेस्टंट प्रवचनांवर बंदी आली. १६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ आला आणि पारडं फिरलं. मग सम्राटाच्या सैन्याचा वेढा पडला, उपासमार झाली, आणि १६३५ मध्ये पुन्हा कॅथलिक सत्ता आली. तेव्हापासून युद्ध संपेपर्यंत प्रॉटेस्टंटांनी एका विद्यालयाच्या आवारात, उघड्यावर उपासना केली. ऊन असो की बर्फ. युद्धापूर्वी चाळीस हजारांवर वस्ती असलेल्या शहरात १६३५ मध्ये सुमारे सोळा हजार माणसं उरली होती.

आणि मग १६४८ चा वेस्टफालियाचा तह. इथे कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. त्यांनी फक्त हिशेब केला. शहराचे प्रमुख दोन, एक यांचा, एक त्यांचा. बाकीच्या पदांचीही अशीच वाटणी, आणि जिथे आकडा विषम, तिथे आलटून पालटून. बस्स.

यातून प्रेम वाढलं का? अजिबात नाही. या शहरावर एत्येन फ्रान्स्वा या इतिहासकाराने पुस्तक लिहिलं आहे, त्याचं नावच आहे 'अदृश्य सीमा'. दोन्ही पंथांत लग्नं क्वचितच होत. मुलांच्या नावांवरूनही पंथ कळू लागला. एखाद्याचं नाव फ्रान्त्स झेवियर असेल तर तो नक्की कॅथलिक! हा झेवियर म्हणजे आपल्या जुन्या गोव्यात ज्यांचं शव जपून ठेवलंय तेच संत. तिकडे गोव्यातले संत आणि इकडे जर्मनीतल्या पोरांची ओळख... धागे कुठून कुठे जातात!

तुम्ही म्हणाल, ही कसली शांतता, मनं तर जुळलीच नाहीत. मलाही आधी ती कोरडीच वाटली. पण ते उघड्या आवारातले लोक डोळ्यांसमोर आणले की वाटतं, मनं जुळण्याची वाट बघत बसले असते, तर किती जणांची पोरंबाळं जगली असती? मन जुळवायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळण्यासाठी आधी जिवंत राहावं लागतं. तो वेळ या रुक्ष वाटणीने दिला. एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणूनच तर नियम इतका काटेकोर हवा होता.

१६५० पासून प्रॉटेस्टंटांनी बंदीची तीच ८ ऑगस्ट ही तारीख शांततेचा सण म्हणून पाळायला घेतली. सुरुवातीला तो एकट्यांचाच सण होता, हेही खरंच. आज त्या दिवशी सगळ्या शहराला सुट्टी असते, जर्मनीत दुसरीकडे कुठेही नसते. आणि ज्या मुद्द्यावरून ल्यूथर रोमपासून दुरावला, त्यावरच्या संयुक्त निवेदनावर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या त्याही याच शहरात, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. म्हणजे त्या वाटणीनंतर तब्बल ३५१ वर्षांनी.

उशीर झालाच. पण सह्या करायला दोन्हीकडची माणसं शिल्लक होती.