कर्जाची मरणतिथी

‘हप्ता’ हा शब्द मूळचा फारसी. ‘हफ्त’ म्हणजे सात, म्हणून ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा. हिंदीत तो अजूनही आठवडाच आहे. मराठीत तो फेडीचा ठरावीक तुकडा झाला आणि मुंबईच्या बोलीत खंडणीही झाला. इंग्रजीत या फेडीला अमॉर्टायझेशन म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘मॉर्स’ आहे, म्हणजे मरण. हा ‘मॉर्स’ आणि आपला ‘मृत्यू’ एकाच कुळातले. ‘हप्ता’ आणि ‘अमॉर्टायझेशन’ यांपैकी हा दुसरा शब्द वर्माला अधिक भिडतो. कारण व्याज फार जुने आहे: लूव्र संग्रहालयातली एक बाबिलोनी मातीची पाटी वर्षाला २० टक्के दराने रक्कम किती काळात दुप्पट होईल, असे विचारते. तुकड्यातुकड्यांनी कर्ज फेडणेही जुनेच. नवी गोष्ट वेगळीच होती. कर्जाच्या जन्मदिवशीच त्याची मरणतिथी काढायची आणि ती घेणाऱ्यालाही ताडून पाहता यायची. समान हप्त्याची कुळकथा ही या तिथीची कथा आहे. सूत्राचा शोध हा तिचा निम्माच भाग.

यावर पहिला आक्षेप आपल्याकडूनच येईल: हे गणित भारतात आधीपासून नव्हते का? होते, आणि बरेच पुढे गेलेले होते. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त हप्त्यांनी फिटणाऱ्या कर्जांची उदाहरणे आहेत. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात, की शेकडा दरमहा ५ दराने वर्षअखेर मुद्दल आणि व्याज मिळून १,००० झाले, तर प्रत्येक किती? उत्तर, मुद्दल ६२५ आणि व्याज ३७५. पण हे सरळव्याज आहे, आणि शेवटी एकत्र झालेली रक्कम वेगळी करण्याचा प्रश्न आहे. दर खेपेला कमी होत जाणाऱ्या बाकीवर व्याज आकारायचे, तरी हप्ता मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच ठेवायचा, हा पेच त्यात नाही. शिवाय पंडितांच्या पोथीतले गणित सावकाराच्या वहीत उतरलेच, असे समजायला आधार लागतो. आपल्या व्यवहारात कर्जाला मर्यादा घातली ती गणिताने नाही, धर्मशास्त्राने. दामदुपटीचा नियम सांगतो, की एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. ही मर्यादा रकमेला आहे, मुदतीला नाही. दामदुप्पट कर्जाला बेफाम वाढू देत नाही, पण ते कधी संपेल हेही सांगत नाही.

तिथी काढण्याचा एक स्पष्ट प्रयत्न सापडतो तो फ्रान्समधल्या ल्यों शहरात. तिथे वर्षाला चार व्यापारी जत्रा भरत आणि देण्याघेण्याचे हिशेब त्या जत्रांना मिटत. १५५५ साली राजा दुसरा आंरी याने सावकारांपुढे नवा करार ठेवला: दर जत्रेला ४ टक्के व्याज घेत राहण्याऐवजी ५ टक्के घ्या, पण ४१ जत्रांनंतर मुद्दलही फिटले असे समजा. यातले अधिक किफायतशीर कोणते, हा प्रश्न गणितज्ञ झां त्रांशां याने १५५८ च्या आपल्या अंकगणितात सोडवला. गणित करून पाहावे. दर जत्रेला ४ टक्के धरले तर ५ चे ४१ हप्ते आजच्या ९९.९७ इतके भरतात, म्हणजे १०० ला अगदी थोडे कमी. राजाच्या हिशेबनिसांना समान हप्त्याचे गणित पक्के ठाऊक होते, याचा याहून चांगला पुरावा नको. मात्र गणित अचूक असूनही करार टिकला नाही. थोड्याच वर्षांत खजिना आटला, १५५९ मध्ये राजा वारला आणि सावकार हात चोळत बसले. तिथी ठरवणारा स्वतः हिशेबाच्या वर असेल, तर तिथीला अर्थ उरत नाही.

पुढचे पाऊल हिशेब उघड करण्याचे होते. व्याजाची कोष्टके तेव्हा मोजक्या व्यापाऱ्यांकडे होती आणि ते ती गुपितासारखी जपत. १५८२ साली सिमोन स्टेव्हिन याने अँटवर्पला ती छापून टाकली. तोवर कर्ज घेणाऱ्याला देणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागे. आता पुस्तक उघडून पडताळा घेता येऊ लागला. दशांश अपूर्णांकांवरच्या पुस्तिकेमुळे स्टेव्हिनचे नाव गणितात राहिले, पण कर्जदारांवर त्याचे उपकार या कोष्टकांमुळे अधिक आहेत.

त्या कोष्टकांमागचा विचार आजही तोच आहे. समजा, १० लाख रुपये २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले. महिन्याचा दर पाऊण टक्का, हप्ते २४० आणि हप्ता ८,९९७ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज ७,५००. म्हणून मुद्दलात जातात १,४९७. बाकी तेवढी घटली म्हणून पुढच्या महिन्याचे व्याज सुमारे ११ रुपयांनी कमी होते आणि हप्ता तोच असल्याने हे ११ रुपये मुद्दलाकडे वळतात. म्हणजे मुद्दलाचा वाटा दरमहा पाऊण टक्क्याने वाढतो, अगदी व्याजाच्याच दराने. चक्रवाढ जी एरवी कर्जदाराच्या अंगावर येते, तीच इथे त्याच्या बाजूने राबते. १,४९७ पासून वाढत जाणाऱ्या अशा २४० वाट्यांची बेरीज बरोबर १० लाख भरावी, एवढीच अट. हप्ता काढायचे सूत्र म्हणजे या अटीचे उत्तर; त्यात दुसरे काही दडलेले नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो घरोघरी ऐकू येतो: बँक आधी व्याज उकळते, मुद्दल मागे ठेवते. आकडे पाहता तक्रार खरी वाटते. या कर्जात मुद्दलाचा वाटा व्याजाच्या पुढे जातो तो १४९ व्या हप्त्याला, आणि निम्मे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात. पण यात लबाडी नाही. सुरुवातीला बाकी मोठी म्हणून व्याज मोठे. कोणत्याही महिन्यात त्या महिन्याच्या बाकीपलीकडे एक पैसाही आकारलेला नसतो. लबाडी असते ती बाकी घटली तरी व्याज न घटवण्यात. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ने घेतले की व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११, घटत्या बाकीवर मोजले तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. आपल्याकडच्या गृहकर्जांत बराच काळ हप्ता दरमहा घेत आणि बाकी वर्षाअखेरच घटवत. वरच्याच १० लाखांच्या कर्जात त्यामुळे हप्ता सुमारे १३२ रुपयांनी वाढतो. सूत्र निर्दोष असते. बाकी कधी घटली हे कोण ठरवतो, यावर सारे अवलंबून असते.

हा धडा दख्खनने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर तुटून पडले, आणि दंगा पसरला तसा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर राहिला. ते हिसकावून जाळले गेले. कागद जाळणे हा अडाणीपणा म्हणता येईल, पण त्या कागदाचा हिशेब एकाच बाजूच्या वहीत होता, हेही ध्यानात घ्यावे. १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा हे ओळखूनच बेतलेला होता. कोर्टाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासावा, फेडीला हप्ते बांधून द्यावेत, सावकाराने पावती, वार्षिक खातेउतारा आणि पासबुक द्यावे, असे त्याने सांगितले. अँटवर्पच्या छापखान्यात जे झाले, तेच इथे कायद्याने करू पाहिले.

विसाव्या शतकात समान हप्ता सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचला. अमेरिकेत १९३४ नंतर सरकारी विम्याच्या आधाराने तीन-पाच वर्षांच्या कर्जांची जागा दीर्घ मुदतीच्या, पूर्ण फिटणाऱ्या कर्जांनी घेतली. भारतात १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली आणि मध्यमवर्ग हप्त्याच्या भाषेत घर पाहू लागला.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो सर्वांत भक्कम: दर बदलता असेल तर मरणतिथी कसली? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा बऱ्याच कर्जांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत लांबली. वरचे १० लाखांचे कर्ज आरंभीच १० टक्क्यांवर गेले तर २४० चे सुमारे ३१४ हप्ते होतात. ११ वर गेले तर महिन्याचे व्याजच ९,१६७ होते, हप्ता ८,९९७. मग कर्ज फिटत नाही, वाढते. समान हप्त्याचे बाह्यरूप तसेच राहते आणि आत जुना सावकारी हिशेब सुरू होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराने निवडावे, मुदतवाढीने बाकी वाढू नये, आणि दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांची संख्या कळवावी. १८७९ च्या पासबुकाचीच ही नवी आवृत्ती.

म्हणून कर्ज घेताना हप्ता किती, एवढे विचारून थांबू नये. शेवटचा हप्ता कधी, आणि दर वाढला तर तो कधी, हे लेखी मागावे. आणि दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांचा आकडा घटतो आहे ना, ते पाहावे.