चरीचा संप आणि सातबाऱ्यावरचा शेरा

सरकारनं मध्ये पडू नये, मालमत्तेचा हक्क पक्का हवा, मग संपत्ती आपोआप वाढते. माझ्या ऑफिसमध्ये हे वाक्य रोज कुणीतरी टाकतं. मलाही ते बरंचसं पटतं. पण मी अलिबाग तालुक्यातला. आमच्याकडे त्याच्या आधीचा प्रश्न येतो: मालमत्ता मुळात कुणाची?

खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा माणूस. पिढ्यान्‌पिढ्या ते काम करता करता तो गावाचा मालक होऊन बसला. इंग्रजांनी 1880 च्या खोती कायद्यानं त्याच्या हक्काला कागदी आधार दिला. खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध घालायचे कुळांनी, भात पिकवायचं कुळांनी, आणि खंड, वर वेठबिगार, हे खोताकडे. इंग्लंडात जॉन लॉकनं 17 व्या शतकात लिहिलं होतं, की माणसाच्या श्रमातून मालकी जन्मते. म्हणजे मुक्त बाजारवाल्यांच्या या आजोबांच्या हिशोबानं जमीन कुणाची, बघा!

27 ऑक्टोबर 1933 ला चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ठरवलं: खोताची जमीन कसायचीच नाही. आजूबाजूची मिळून 25 गावं त्यात उतरली. आणि हा संप चालला सहा वर्षं. सहा वर्षं शेती नाही, म्हणजे घरात भात नाही! रानातली लाकडं विकून, खाडीत मासे धरून लोक जगले. 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांनी 'कृषीवल' सुरू केलं.

मला यात विशेष वाटतं ते हे, की ही कुळं मालकी नको म्हणत नव्हती. आपलीच मालकी मागत होती.

पुढे 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कूळ हा कसत्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. लोकांना वाटतं फुकट मिळाली. फुकट नाही हो! साधारणपणे आकाराच्या 20 ते 200 पट किंमत ठरायची आणि ती हप्त्यांनी भरायची. आमच्या आजोबांनी भरली. त्यांचं खरेदी प्रमाणपत्र अजून पत्र्याच्या पेटीत आहे.

गोम इथे आहे. याच कायद्याच्या कलम 43 नं सांगितलं, की ही जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही. खोतानं पुन्हा लुबाडू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण 2012 मध्ये ताईच्या ॲडमिशनसाठी बाबांनी पाच गुंठे विकायचं ठरवलं, तेव्हा ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर वर्षभर फिरली. ताईनं बी.एस्सी. केलं. इंजिनिअरिंग मी केलं, चार वर्षांनी धाकटा म्हणून.

आणि त्याआधी, 2006 नंतर, शेजारच्या पेण, उरण, पनवेलमध्ये एका खाजगी कंपनीच्या सेझसाठी सरकार 1894 चा भूसंपादन कायदा घेऊन उभं होतं. म्हणजे शेतकऱ्यानं विकायचं तर परवानगी, आणि सरकारला घ्यायचं तर शेतकऱ्याच्या परवानगीची गरज नाही. याला काही लोक 'मार्केट' म्हणत होते, हे ऐकून मला अजून राग येतो. एन. डी. पाटील आणि गावकरी लढले. 21 सप्टेंबर 2008 ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत चक्क मतदान झालं, जमीन द्यायची की नाही यावर. ते संपादन शेवटी पूर्ण झालं नाही.

2014 मध्ये कलम 43 सैल झालं. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या 40 पट रक्कम भरा, परवानगी नको. आमच्या तुकड्याचा आकार काही रुपयांत आहे, त्यामुळे भरलेली रक्कम पिझ्झाच्या बिलाएवढी झाली. बाबांनी शेरा कमी करून आणला.

विकली नाही अजून. मुंबईच्या एजंटचा फोन मात्र दर महिन्याला येतो, आणि बाबा त्याला दर वेळी वेगळा भाव सांगतात.