उजेडाचा काटा

ऊसपट्ट्यात वाढलेल्या पोराला दोन शब्द लवकर कळतात : काटा आणि उतारा. काटा म्हणजे कारखान्याच्या दारातला वजनकाटा. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो आकडा. काट्यावरून आंदोलनं होतात, ‘काटामारी’ हा शब्द त्यातूनच आला. उताऱ्यावर संशय असतो, पण त्याच्याशी भांडायचं कसं हे कुणाला कळत नाही. वजन डोळ्यांसमोर होतं. गोडी आत, प्रयोगशाळेत मोजली जाते. आणि ती मोजतो उजेड.

मी वाळवा तालुक्यातला. शाळेच्या सहलीत एकदा कारखान्याची लॅब बघितली. तिथल्या केमिस्टनी गाळलेला रस एका लांब नळीत भरला, नळी यंत्रात ठेवली आणि मला डोळा लावायला सांगितलं. आत गोल चकती दिसली, अर्धी उजळ, अर्धी काळपट. त्यांनी बाजूचा खटका फिरवला, दोन्ही अर्ध्या सारख्या झाल्या. “हा पोल,” म्हणाले आणि वहीत आकडा लिहिला.

त्या आकड्यामागे दोनशे वर्षांची गोष्ट आहे. प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांना थरथरत असतात. ठरावीक स्फटिकातून गेल्या की एकाच दिशेत थरथरतात. १८१५ च्या सुमारास फ्रान्समध्ये झाँ-बाप्टिस्ट बियो यांना दिसलं, की काही द्रवांतून जाताना ही दिशा वळते. साखरेचं द्रावण ती उजवीकडे वळवतं. साखर जितकी जास्त, तितकं वळण जास्त. साखर देशोदेशी विकली जात होती, त्यामुळे मोजण्याची एकच रीत हवी होती. त्यासाठी १८९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. आजचा नियम असा : २६ ग्रॅम शुद्ध साखर, तिचं १०० मिलिलिटर द्रावण, २० सेंटिमीटरची नळी, म्हणजे १०० अंश.

आपल्याकडे नीरा कालव्याच्या पट्ट्यात, सातारा जिल्ह्यात, १९३२ मध्ये पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. नवा वाण निवडताना तो किती वाढतो याबरोबर रसात किती साखर भरते हेही बघावं लागतं, आणि ते सांगतो पोल. याच केंद्रातून २००७ मध्ये ‘फुले २६५’ आला. टनेज जोरात, चोपण जमिनीतही तग धरणारा. शेतकरी खूश. बऱ्याच कारखान्यांनी मात्र उतारा कमी पडेल म्हणून सुरुवातीला नाक मुरडलं. शेतकऱ्याचं बिल टनावर निघतं, कारखाना विकतो साखर. एकाच उसाकडे दोघं दोन मापांनी बघत होते.

आता पैशाचं बघू. २००९ पासून उसाला एफआरपी आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे. म्हणजे उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला, तर शंभर टन घालणाऱ्याला १६,६०० रुपये जास्त. पण हा उतारा अख्ख्या कारखान्याचा. वर्षभर पाचट कुजवून रान जपणाऱ्याचा ऊस आणि वाळून गेलेला ऊस एकाच गव्हाणीत पडतो.

आमच्या आबांनी, म्हणजे चुलत्यांनी, म्हणूनच खिशात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, आभाळाकडे धरायचं, ब्रिक्स वाचायचा. मोजणारा इथंही उजेडच. पण हे यंत्र रसात विरघळलेलं सगळंच मोजतं, नुसती साखर नाही. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की पाणी उडतं आणि ब्रिक्स चढतो. त्याच वेळी साखर फुटून तिचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, आणि ते मिश्रण उजेड उलट, डावीकडे वळवतं. म्हणजे आबांच्या यंत्रात आकडा वाढतो, लॅबच्या नळीत कमी होतो. दोन्ही यंत्रं खरंच बोलत असतात.

आता डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदक आला आहे. काळपट रस स्वच्छ करायला पूर्वी शिशाचा विषारी क्षार घालत. अवरक्ताजवळचा प्रकाश गडद रसातूनही पार जातो, त्यामुळे ती गरज कमी झाली. सेंटिनेल-२ हे उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या शेतांचा रंग टिपतात, कुठलं रान हिरवं आणि कुठलं पिवळं पडलंय ते वरून कळतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची गोडी वेगळी तपासून भाव ठरतो. तिथल्या काही कारखान्यांत पट्ट्यावरून जाणारा कुटलेला ऊस असे सेन्सर चालता चालताच वाचतात.

हे इथं आलं तर? मला आधी वाटायचं, सगळा न्याय त्यातच आहे. आता तितकी खात्री नाही. सरासरीत चांगल्या रानवाल्याचं थोडं जातं, पण चोपण जमीनवाला तगतो. सहकाराचा अर्थ थोडाफार तोही होताच. शिवाय टोळी महिनाभर उशिरा आली आणि ऊस वाळला, तर पडलेला आकडा कुणाच्या नावावर मांडायचा? सेन्सर गोडी सांगेल, उशीर कुणी केला ते सांगणार नाही. पण तोडीची तारीख आणि गोडी एका कागदावर आली, तर निदान विचारता तरी येईल.

गेल्या हंगामात मी आबांना मोबाईलवर कारखान्याचा उतारा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “ह्यो आकडा माझ्या उसाचा हाय का रं?”

नव्हता. त्यांच्या हातातल्या काट्याच्या पावतीवर गाडी नंबर होता, वेळ होती, वजन होतं. गोडीचा रकानाच नव्हता.