मैत्रीभावनेतील ‘स्व’चे स्थान

संकटकाळी मनुष्याने स्वतःविषयी करुणा बाळगावी व मार्गदर्शकाच्या शब्दांच्या आधाराने ध्यान करून ती दृढ करावी, हा विचार आज मानसशास्त्राच्या परिभाषेत मांडला जातो. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली त्याची शास्त्रीय मांडणी केली. त्यासाठी ‘आत्मकरुणा’ हा मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु ज्या ध्यानपरंपरेतून ही कल्पना आली, तिच्या परिभाषेत तो कितपत बसतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस मुकुंदवाडी आहे. पूर्वीचे हे गाव आता शहरात सामावले आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरात बौद्ध लेणी असून त्यांतील सातव्या लेण्यात, इसवी सनाच्या सहाव्या शतकातील, अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प आहे. अग्नी, सिंह, सर्प, नौकाभंग इत्यादी आठ महाभयांनी ग्रासलेले भक्त त्याला शरण आलेले दिसतात. येथे करुणा बाहेरून, त्रात्याकडून येते. साधकाने ती स्वतःपासून आरंभावी, असे या शिल्पात कोठेही सुचविलेले नाही.

तो विचार आढळतो पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाने रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात. गोमंतकात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस प्रसिद्ध झाली. या ग्रंथाप्रमाणे साधकाने ध्यानविषय कल्याणमित्राकडून, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाकडून, घ्यावयाचा असतो. मैत्रीभावना प्रथम स्वतःविषयी, नंतर गुरुजन, प्रिय मित्र, मध्यस्थ व शेवटी वैरी यांच्याविषयी करावयाची असते. मूळ सूत्रांत ‘स्व’चा उल्लेख नाही, ही शंका बुद्धघोष स्वतःच उपस्थित करतो. त्याचे समाधान असे की, येथे ‘स्व’ हा केवळ साक्षी होय: मला जसे सुख हवे, तसेच इतरांनाही हवे. केवळ स्वतःविषयी शंभर वर्षे भावना केली तरी समाधी साधणार नाही, असेही तो बजावतो.

करुणाभावनेचा आरंभ मात्र स्वतःपासून नसून दीन, दुःखी मनुष्यापासून आहे. शोक हा करुणेचा ‘आसन्न शत्रू’, म्हणजे तिच्यासारखाच भासणारा विकार, मानला आहे. मराठीतही ‘स्वतःची कीव करणे’ हा प्रयोग निंदाव्यंजक आहे. तेव्हा जिला आपण आत्मकरुणा म्हणतो, ती या परिभाषेत करुणा नव्हे, मैत्री होय. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत विपश्यनेची शिबिरे सुरू केली. १९७६ पासून ती इगतपुरीस भरू लागली. त्यांच्या अखेरीस होणाऱ्या साधनेचे नावही ‘मंगल मैत्री’ असेच आहे.

या मैत्रीची कसोटी बुद्धघोषाने एका प्रसंगाने सांगितली आहे. साधक, त्याचा प्रियजन, एक मध्यस्थ व एक वैरी असे चौघे बसले असता चोर येऊन बळी देण्यासाठी एकाची मागणी करतात. ‘अमक्याला न्या’ असे साधकाच्या मनात आले, तर मैत्री अपुरी. परंतु ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे आले, तरीही ती अपुरीच. चौघांपैकी कोणीच देण्याजोगा वाटला नाही, तरच भेदाची सीमा मोडली.

‘माझे काय व्हायचे ते होवो, घरच्यांचे नीट होवो’ असे संकटात म्हणणारी माणसे मुकुंदवाडीतच काय, कोणत्याही गावी भेटतात, आणि समाज त्यांचा गौरव करतो. बुद्धघोषाच्या मते या औदार्यातही एक पक्षपात आहे: त्यातून एक दुःखी जीव वगळला जातो, आणि तो जीव म्हणजे आपण स्वतः.