मुक्तिसदनातील दुष्काळकन्या

इसवी सन १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन घोर दुष्काळांत प्रथम मध्य प्रांतातून व पुढे मुख्यतः गुजरातेतून पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी ज्या अनाथ मुली आणि तरुण विधवा आपल्या आश्रयास आणल्या, काही काळ पुणे शहरात ठेवल्या व अखेर पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदनात वसविल्या, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. रमाबाईंचे चरित्र मराठीत वारंवार लिहिले गेले, त्यांच्या ख्रिस्ती धर्मांतरावर रणे माजली. परंतु ज्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले त्या मुली चरित्रकारांच्या लेखी बहुधा एका आकड्यापुरत्या येतात आणि पुढच्या प्रकरणात दिसेनाशा होतात.

१८९६ साली पाऊस वेळेआधीच ओसरला आणि अगोदरच काही वर्षे पिकांनी हात दिलेला नव्हता अशा मध्य प्रांतात हाहाकार उडाला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने जी दुष्काळसंहिता सिद्ध केली होती तिच्यात धडधाकट माणसांसाठी खडी फोडणे, तलाव खोदणे, रस्त्याची माती ओढणे अशी कामे आणि अपंग-दुबळ्यांसाठी गरीबखाने यांची तजवीज होती. पण आईबाप वाटेत मेलेली, बारा-चौदा वर्षांची, ना पुरी मजूर ना पुरती मूल अशी मुलगी या दोन्ही सदरांच्या मधल्या फटीत पडत असे, आणि अशा मुलींच्या शोधात गरीबखान्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या कुंटणींचा व दलालांचा तिथे सुळसुळाट होता. १८९७ च्या आरंभी रमाबाईंनी हा मुलूख स्वतः हिंडून पाहिला. त्यांनी पाहिलेला पहिला गरीबखाना म्हणजे घर नव्हतेच. गावाबाहेरच्या एका राईत माणसे नुसती आणून टाकलेली होती.

ही पाहणी करणाऱ्या बाईला भूक ऐकून ठाऊक नव्हती. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मागोमाग आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण कृष्णाबाई अशी तिघे अन्नावाचून गेली. तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर पुराणे सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबाला मोलमजुरी येत नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. आईचे प्रेत स्मशानात नेण्यास मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवास याचा, आणि चौथा खांदा रमाबाईंनी द्यावयाचा. पण सोळा वर्षांच्या त्या मुलीची उंची इतरांच्या खांद्याला पोहोचेना, म्हणून तिरडीची आपली बाजू तिने तीन मैल डोक्यावर वाहिली. मध्य प्रांतातल्या मुली पाहताना आपलेच जुने दिवस पुन्हा समोर उभे राहिले असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या पुढच्या सर्व खटाटोपाचे मूळ धर्मप्रचाराच्या आकांक्षेपेक्षा या तीन मैलांत शोधणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

थोड्याशा मुली आणाव्यात असा मूळ बेत होता. प्रत्यक्षात सुमारे तीनशे आल्या. त्या वेळी पुण्यात रमाबाईंचे शारदासदन चालू होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर स्थापन झालेले व नोव्हेंबर १८९० मध्ये पुण्यास हलविलेले हे विधवांचे वसतिगृह व विद्यालय पुणेकरांच्या चांगल्याच परिचयाचे होते. तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि त्याच वर्षी मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जात असल्याच्या वादावरून रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध तोडला. अशा रीतीने आधीच शहराच्या नजरेत सलणाऱ्या या वास्तूच्या आवारात आता उवांनी व खरजेने भरलेल्या, हाडांवर कातडे तेवढे उरलेल्या परमुलखी मुली येऊन दाखल झाल्या. दुष्काळातून उठलेल्या मुलास एकदम पोटभर जेवू घालता येत नाही. आतडी ते सोसत नाहीत. पेजेवरून भातावर आणि भातावरून भाकरीवर येण्यास आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत कित्येक दगावतात. शारदासदनातल्या ज्या विधवांना आजवर आश्रिताचेच जिणे ठाऊक होते त्यांच्या हाती या मुलींची शुश्रूषा आली, हे या कथेतील विशेष होय.

नेमक्या याच महिन्यांत पुण्यास प्लेगने गाठले होते. प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अधिकाराखाली घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या आणि सामानाची होळी यांचे सत्र सुरू झाले, आणि साथीच्या भयाने सदनाच्या आवारात आणखी मुली ठेवण्यास सरकारी अंमलदारांनी मनाई केली. दुष्काळाने घरातून काढलेल्या मुलींवर काही आठवड्यांतच शहरातूनही निघण्याची पाळी आली. त्यांची रवानगी पुण्यापासून सुमारे चौतीस मैलांवर, सोलापूरच्या लोहमार्गावर यवत व पाटस यांच्या दरम्यान असलेल्या केडगावला झाली. तेथे, तेव्हाच्या भीमथडी म्हणजे आजच्या दौंड तालुक्यात, रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. अमेरिकेतील बोस्टन येथील मंडळीने शारदासदनास दहा वर्षे द्रव्यसाह्य करण्याचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपावयाची असल्याने फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे असा त्यांचा हिशेब होता. फळे धरण्यापूर्वीच त्या रानात मुलींच्या राहुट्या पडल्या.

पुण्याच्या स्मरणात १८९७ हे साल रँडचे आहे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळ्यांनी त्या सालातले बाकीचे सारे पुसून टाकले. शारदासदनाच्या आवारातली ती पाहुणी वस्ती, जिने शहरात जेमतेम एक ऋतू काढला, तिची आठवण कोणी ठेवावी? वास्तविक या दोन गोष्टी एकमेकींपासून तितक्या दूर नव्हत्या. प्लेगच्या इस्पितळात व छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी, आपल्या सदनातील एका मुलीचा दाखला देऊन, रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकात कडक पत्र लिहिले. त्याचा बोभाटा विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेला आणि मुंबई सरकारला त्याचा इन्कार करणे भाग पडले. टिळकांचा ‘केसरी’ आणि रमाबाई यांचे कधी पटले नाही, पण त्या उन्हाळ्यात प्लेगच्या अंमलदारांविरुद्ध दोघांची तक्रार एकच होती, ही बाब दोन्ही पक्षांच्या अनुयायांनी सोयीस्करपणे नजरेआड केली आहे.

दुसरा दुष्काळ पहिल्याहून दारुण होता. विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत व राजपुतान्यात ज्यास ‘छप्पनिया’ म्हणतात त्या अवर्षणात रमाबाईंनी स्वतः न जाता आपल्याकडील तयार झालेल्या स्त्रियांना मुली आणण्यास धाडले. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जिथे आश्रिता राहत होत्या तेथूनच आता आश्रय देणाऱ्या निघाल्या. १९०० च्या सुमारास केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पुणे जिल्ह्यातही पाऊस नव्हता. इतक्या तोंडांना लागणारे पाणी विहिरींतून शेंदावयाचे आणि धान्य आगगाडीने आणावयाचे. हळूहळू तेथे शेती, दूधदुभते, तेलाची घाणी, हातमाग, धुलाई, शिवण आणि छापखाना अशी कामे उभी राहिली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्यास रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी आरंभ केला. वाममार्गास लागलेल्या वा फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले.

छापखान्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मुळावरून मराठी भाषांतर केले आणि ते केडगावातच, मुलींच्या हातून, छापवून घेतले. खिळे जुळविणे हे काम पाहणाऱ्यास सोपे वाटते. जुळारी खणांच्या पेटीपुढे उभा राहतो. डाव्या हातात जुळणीची पट्टी, उजवा हात न पाहता नेमक्या खणावर जातो, आणि अक्षर उलटे वाचण्याची डोळ्यांना सवय व्हावी लागते. मराठीत तर काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खणांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट होते. ज्या मुलींच्या घरची बोली हिंदी किंवा गुजराती, आणि ज्यांच्या हाती त्यापूर्वी पाटीही आलेली नव्हती, अशांपैकी काही हे काम शिकल्या. सबंध ग्रंथ १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर पडला. त्याच्या मराठीविषयी मतभेद आहेत, आणि ते असावेत. त्याच्या जुळणीविषयी मात्र कोणी एक ओळ लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

धर्माचा प्रश्न टाळून चालणार नाही. शारदासदन हे बोस्टनच्या मंडळीशी झालेल्या करारान्वये धर्मनिरपेक्ष चालवावयाचे होते व त्या करारामुळेच १८९३ चे वादळ उठले; मुक्तिसदनावर असे कोणतेही बंधन नव्हते, ते उघडपणे ख्रिस्ती होते, आणि तेथील बहुसंख्य मुलींनी तो धर्म स्वीकारला. अन्नाच्या मोबदल्यात धर्म, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही, कारण उपाशी मुलीची संमती ही संमती कितपत मानावी हा प्रश्न कोणत्याही दात्यास चुकत नाही. तथापि आक्षेपकांपैकी फारच थोड्यांनी स्वतः एखादी मुलगी घरी आणली होती. लाला लजपतराय आणि आर्यसमाज यांनी याच दुष्काळांत हिंदू अनाथांना पंजाबात नेण्याची चळवळ केली, ती या आक्षेपाचे खरे उत्तर होय. महाराष्ट्रात तेवढ्या प्रमाणावर तसे घडले नाही. १९०५ साली केडगावात जी भक्तीची लाट उसळली तिच्यामुळे हे गाव पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात प्रसिद्धीस आले. तो विषय स्वतंत्र आहे.

राहिला स्मरणाचा प्रश्न. भुकेने देशोधडीस लागलेल्या मुलींच्या स्मारकाचा दाखला घ्यावयाचा तर आयर्लंडचा घ्यावा लागतो. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडून तेथे जो दुष्काळ झाला त्यात, १८४८ ते १८५० या काळात, वसाहतमंत्री अर्ल ग्रे याच्या योजनेनुसार आयरिश दरिद्रगृहांतील ४,१०० हून अधिक किशोरवयीन मुलींची जहाजांतून ऑस्ट्रेलियात पाठवणी झाली. प्रत्येकीस एक लाकडी पेटी व तीत ठरावीक कपडे, मोजे, जोडे आणि बायबल मिळे. तिकडच्या वृत्तपत्रांनी त्यांस आळशी व अडाणी ठरवून हिणविले आणि दोन वर्षांत योजना गुंडाळण्यास लावली. सिडनी शहरात ज्या हाइड पार्क बराकीत तेथे आलेल्या मुली प्रथम उतरविल्या गेल्या तिच्या दगडी भिंतीत १९९९ साली त्यांचे स्मारक झाले : भिंतीच्या आरपार गेलेले एक लांब मेज, त्यावर रिकामा वाडगा, आणि काचेवर त्यांपैकी चारशे जणींची नावे. जहाजांच्या याद्या जपलेल्या होत्या म्हणून नावे कोरता आली, हे लक्षात घ्यावे; सरकारी दफ्तर कधी कधी असे अनपेक्षित उपकार करते.

आपल्याकडे स्मरण झाले ते संस्थापिकेचे. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला ‘मेधावी’ हे त्यांच्या सासरचे नाव आहे. केडगावची संस्था आजही चालू आहे, तिच्या नावात रमाबाई आहेत. दुष्काळकन्यांपैकी कित्येक शिक्षिका, परिचारिका व धर्मसेविका झाल्या, कित्येकींचे विवाह होऊन त्या निरनिराळ्या जिल्ह्यांत गेल्या, कित्येक केडगावातच म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची भाषा मराठी आहे. मध्य प्रांतातील होशंगाबादची किंवा गुजरातेतील खेडा जिल्ह्याची बोली ज्या आजीपाशी होती ती तिच्याबरोबरच गेली. पुण्याहून दौंडला जाणारी गाडी यवत सोडल्यावर थोड्याच वेळात केडगाव स्थानकात थांबते.