मुलींची वळकटी

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक उरकत आली होती. हप्ते जमा झाले होते, सह्या-अंगठे झाले होते. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "पोरीच्या कॉलेजचं शिबिर आहे, राष्ट्रीय सेवा योजनेचं. सात दिवस बाहेरगावी राहायचं. तिचे वडील नको म्हणतात." झालं, बैठक आणखी तासभर चालली. "सात रात्री?" हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी.

बीएला माझा इतिहास होता. म्हणून मुलांनी वळकटी बांधून असं शिबिराला जाणं कुठून सुरू झालं, ते मी शोधायला बसले. वाचता वाचता पोचले थेट अमेरिकेतल्या ख्रिस्ती शिबिरांपर्यंत.

तिकडे शाळांना मोठी सुट्टी जूनपासून ऑगस्टपर्यंत. दीडशे वर्षांपूर्वी शहरं भराभर वाढत होती आणि चर्चच्या मंडळींना काळजी लागली, की सुट्टीत ही पोरं रस्त्यावर बिघडतील. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संस्था 1844 मध्ये लंडनला सुरू झाली होती. तिच्या अमेरिकेतल्या कामात समनर डडली नावाचे एक कार्यकर्ते होते. ते 1885 साली सात मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंज नावाच्या तळ्याकाठी मुक्कामाला गेले. पोरांचे केस आधी बारीक कापले होते, म्हणून त्या मुक्कामाला नाव पडलं 'टकल्यांचा तळ'! पुढे डडली वारले, शिबिराला त्यांचंच नाव मिळालं, आणि ते आजही भरतं.

अशा शिबिरातला दिवस कसा असायचा? सकाळी बिगूल वाजला की उठायचं, अंथरूण घडी करायचं. कुणाच्या तंबूत पसारा आहे याची तपासणी व्हायची. प्रार्थना, बायबलचं वाचन, मग पोहणं, नाव वल्हवणं, डोंगर चढणं. दुपारी सक्तीची विश्रांती, आणि त्या वेळात घरी पत्र लिहायचं. पहिले दोन-तीन दिवस कितीतरी पोरं घरच्या आठवणीने रडत. रात्री शेकोटीभोवती गाणी, नकला, भुताच्या गोष्टी, आणि झोपण्याआधी पुन्हा प्रार्थना. ताटं मांडायची आणि उचलायची पाळीही पोरांवरच. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

पोहायला उतरताना जोड्या लावायची पद्धत पुढे सगळीकडे रुळली. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. जोडीदार दिसला नाही तर तिथल्या तिथे ओरडायचं. आपल्या गटात एकीचा हप्ता थकला की दुसरी तिच्या दारात जाते ना, तसंच.

मुलांना बाहेर काढलं ते धीट व्हावेत, घट्ट व्हावेत म्हणून. मुलींचं मात्र वेगळं. ख्रिस्ती महिलांची वायडब्ल्यूसीए नावाची संस्था आहे. तिच्या फिलाडेल्फिया शहरातल्या बायकांनी 1874 मध्ये न्यू जर्सीत समुद्राकाठी एक घर उघडलं. दिवसभर राबून थकलेल्या कामकरी तरुणींनी उन्हाळ्यात चार दिवस तिथे येऊन पडावं, एवढाच हेतू. म्हणजे डडलींच्याही अकरा वर्षं आधी! पण मुलीला घराबाहेर राहायला मिळालं ते ती दमली होती म्हणून. नुसती हौस म्हणून नाही.

पुढे 1910 मध्ये ल्यूथर आणि शार्लट गुलिक या नवरा-बायकोने मुलींची 'कॅम्प फायर गर्ल्स' ही संघटना उभी केली. ल्यूथर आधी वायएमसीएत होते. त्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्याने 1891 मध्ये बास्केटबॉल हा खेळ शोधला. या संघटनेत मुलीने एखादं काम शिकलं की तिला मणी मिळायचा, तो माळेत ओवायचा. पोहण्याचा मणी, चांदण्या ओळखण्याचा मणी, आणि स्वयंपाकाचा, मूल सांभाळण्याचासुद्धा! घरकामाला कुणी मोजलं, याचा मला आनंद झाला. मग मनात आलं, मुलांना कुणी स्वयंपाकाचा मणी दिला होता का?

आणि हे सगळं गोऱ्यांसाठी बरं का. काळ्या मुलांना कितीतरी शिबिरांची दारं बंद होती. शेवटी विल्यम डीबेरी या काळ्या धर्मगुरूंनी 1921 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात आपल्या मुलांसाठी वेगळं शिबिर काढलं. डडलींच्या शिबिराने मुलींचं शिबिर आपल्यात घेतलं ते तर एकविसाव्या शतकात.

आपली राष्ट्रीय सेवा योजना 1969 ची. गांधीजींच्या जन्मशताब्दीचं वर्ष. तिचा बायबलशी काही संबंध नाही, पण पहाटेची हाक, पाळ्या, शेकोटी हे सगळं तसंच. मीही एक शिबिर केलंय. माझे वडीलही आधी नाहीच म्हणाले होते. शेवटी आजीने आपली गोधडी माझ्या वळकटीत घातली आणि म्हणाली, "जाऊ दे तिला." शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बावीस मुली ओळीने झोपायचो. दिवसा शोषखड्डे खणले, हाताला फोड आले. आणि शेवटच्या रात्री मी पहिल्यांदा माइक हातात धरला. पाय लटलट कापत होते.

बैठकीनंतर दोघीजणी आणि मी कॉलेजात जाऊन आलो. मुली झोपणार कुठे, सोबत कोणत्या मॅडम राहणार, संडासाला आतून कडी आहे का, रात्री फोन कुणाला करायचा, सगळं विचारलं. सर आधी जरा वैतागले, मग त्यांनी कागदावर लिहून दिलं. कडी नव्हती. ती बसवून घेऊ म्हणाले. तो कागद ताईंनी घरी नेलाय.

मुलीच्या वडिलांनी अजून सही केलेली नाही. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.