मुलग्यांची झबली, मुलीचा बाळंतविडा

बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्याला माहेरच्या किंवा जवळच्या नातेवाइकांकडून जी कपड्यालत्त्याची, औषधांची आणि खाऊची भेट दिली जाते, तिला मराठीत बाळंतविडा म्हणतात. तिच्यात आईसाठी लुगडे-चोळी, डिंक, अळीव, खारीक-खोबरे, बाळंतशोपा आणि ओवा, तर बाळासाठी झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची आणि बाळगुटीची मुळे असा जिन्नस असे. या यादीकडे अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले, तर पैशाने विकत आणाव्या लागणाऱ्या वस्तू बहुतांशी आईच्या वाट्याच्या होत्या आणि बाळाच्या वाट्याच्या वस्तू घरातल्या जुन्या कापडातून, घरातल्याच सुईदोऱ्याने उभ्या राहत, ही गोष्ट ठळकपणे दिसते. दोन-तीन मुलगे वाढलेल्या घरात पुन्हा पाळणा हलला आणि या खेपेस मुलगी झाली, तर तिच्यासाठी निराळी तयारी करावी लागे का, या प्रश्नाचे उत्तर याच यादीत दडलेले आहे.

नवजात बाळाच्या अंगाला पहिल्या दिवसांत नवे कापड लावायचे नाही, असा दंडक महाराष्ट्रातील अनेक घरांत होता आणि काही घरांत तो आजही पाळला जातो. नवे अंगावर घालायचे ते बारशाच्या दिवशी. या दंडकामागे श्रद्धा होतीच, पण व्यवहारही होता. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणजे मागावर सूत तुटू नये म्हणून दिलेली पेज कापडात मुरलेली असते, आणि ती तान्ह्याच्या कातडीला टोचते. उलट वर्षानुवर्षे विहिरीवर किंवा नदीवर आपटून धुतलेल्या लुगड्यातली खळ तर गेलेली असतेच, शिवाय रंगही जेवढा सुटायचा तेवढा सुटून गेलेला असतो. म्हणून बाळाच्या कपड्यांसाठी सर्वांत मोलाचे कापड म्हणजे आजीचे विरलेले लुगडे किंवा आजोबांचे जुने धोतर. कापड जितके अधिक वापरलेले तितके ते बाळाला अधिक योग्य, असा हा हिशेब होता आणि त्यात काटकसर व माया यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही.

झबल्याची बेतणीही याच हिशेबाशी जुळणारी आहे. झबले म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा सैल अंगरखा. त्याला गुंडी नसते, कारण गुंडी निजलेल्या बाळाला रुतते. तिच्या जागी कापडाचेच अरुंद बंद असतात. बंद पुढे सरकवून बांधता येत असल्याने तेच झबले महिन्याच्या बाळाला जसे चालते तसे सहा महिन्यांच्या बाळालाही चालते. बगलेखाली चौबगला, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून जोडलेला छोटा चौकोनी तुकडा, घातला की अंगभर झालेले झबले आणखी काही दिवस ओढून नेता येई. दुपट्याची घडण तर त्याहून बोलकी आहे. लुगड्याचा मधला विरलेला भाग आतल्या थरात जाई, त्याच्यावर त्यातल्या त्यात धड असलेला तुकडा येई, आणि लुगड्याचे चिवट काठ उसवून ते चारही कडांना गोट म्हणून लागत. मग कडेपासून आत येत जाणारा धावदोरा घातला जाई. पहिल्या मुलासाठी शिवलेले दुपटे तिसऱ्यापर्यंत विरले, तर ते टाकून न देता त्याच्यावरच एक नवा थर चढवला जाई, त्यामुळे चौथ्या अपत्याच्या दुपट्यात वरच्या तिघांची दुपटी अक्षरशः आत शिवलेली असत.

या साऱ्या कपड्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नव्हता. झबले, टोपडे, लंगोट, दुपटे, पांगुळगाडा आणि पाळणा यांपैकी एकाही वस्तूचे नाव, बेतणी किंवा रंग यांवरून ती कोणासाठी आहे हे सांगता येत नसे. कुंची, म्हणजे डोके झाकून पाठीवर लोंबणारी, हनुवटीखाली बंदांनी बांधायची खणाची किंवा जरीची टोपी, ही तर एकाच कुटुंबात पिढ्यान् पिढ्या फिरे. तीच बारशाच्या दिवशी मुलाच्या डोक्यावर असे आणि तीच मुलीच्याही. हातातल्या मनगट्या, पायातले वाळे, गालावरची तीट हेही दोघांना सारखेच. मुलाचा कान टोचला जाई तसाच मुलीचाही, आणि दोघांच्या कानात सोनार सोन्याची एकाच जातीची बारीक तार घाली.

भावांचे वापरलेले कपडे बहिणीला घालणे म्हणजे तिला उणे लेखणे, असेही त्या काळात मानले जात नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे २०० बालके वर्षाच्या आत दगावत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्या घरातली मुले जगली-वाचली आहेत त्या घरातून झबले मागून आणण्याची चाल का पडली असावी, हे उमजते. जगलेल्या मुलाच्या अंगावरचे झबले शुभ ठरे. त्या न्यायाने धडधाकट वाढलेल्या तीन भावांची झबली पाठच्या मुलीला मिळणे हा तिच्या बाळंतविड्यातला सर्वांत भाग्याचा भाग होता, आणि नवे कोरे झबले त्याची बरोबरी करू शकत नव्हते.

भेद सुरू होई तो पुढे, मूल चालू-बोलू लागल्यावर. मुलाच्या कमरेला करगोटा राही आणि पुढे मुंजीचा विचार सुरू होई. मुलीला परकर-पोलके येई. येथे भावांच्या कपड्यांचा उपयोग संपत असे, पण खर्च मात्र तितकासा वाढत नसे, आणि त्याचे कारण ओटी भरण्याच्या चालीत आहे. सवाष्णीची ओटी भरताना तांदूळ, नारळ यांच्याबरोबर खण दिला जातो. खण म्हणजे चोळीपुरते विणलेले काठाचे कापड, ज्यासाठी आजच्या कर्नाटकातील गुळेदगुड्ड हे गाव प्रसिद्ध आहे. सणावारी, हळदीकुंकवाला, पाहुणी जाऊन आले की असे खण घरात साठत राहत आणि मुलगे असलेल्या घरात ते पेटीच्या तळाशी तसेच पडून असत. मुलगी झाली की ती पेटी उघडे. दोन-तीन खण जोडून लहानगीचा परकर होई, उरलेल्या तुकड्यातून पोलके होई, आणि परकराच्या खालच्या अंगाला दोन आडव्या दुमडी घालून ठेवल्या की मुलीची उंची वाढेल तशी एकेक दुमड उसवून तोच परकर तीन-चार वर्षे पुरे. फिक्या रंगाच्या ज्या रेषा उसवलेल्या जागी उमटत, त्यांच्यावरून मुलगी किती वाढली ते मोजता येत असे.

कापडाच्या बाबतीत इतकी समदृष्टी दाखवणाऱ्या समाजाने मुलीच्या जन्माकडेही तशाच दृष्टीने पाहिले असते तर हा इतिहास सरळ झाला असता. पण तसे घडले नाही. लागोपाठ तीन मुलग्यांनंतर झालेली मुलगी, किंवा तीन मुलींनंतर झालेला मुलगा, याला मराठीत तिखळ असा शब्द आहे आणि असा जन्म अरिष्टसूचक मानला जाई. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० च्या सुमारास रचलेला ‘धर्मसिंधु’ हा निर्णयग्रंथ महाराष्ट्रात घरोघरच्या धर्मकृत्यांना आधार झाला, आणि त्यात त्रिकप्रसवशांती या नावाने या प्रसंगीचा विधी सांगितलेला आहे. शांती म्हणजे संभाव्य अनिष्टाचे निवारण व्हावे म्हणून करायचे पूजन, होम आणि दान. ज्या घराने मुलीसाठी एक वारही नवे कापड फाडले नव्हते, त्याच घराला तिच्या येण्याच्या ‘दोषा’साठी होमाची सामग्री, दक्षिणा आणि जेवणावळ यांचा खर्च काढावा लागे, ही या प्रथेतली सर्वांत बोचणारी विसंगती आहे. शास्त्राने मुलगा आणि मुलगी दोघांच्याही जन्माला हा दोष लावला होता हे खरे. परंतु तीन मुलींनंतरच्या मुलग्याच्या शांतीत घराचा आनंद मिसळलेला असे, आणि तीन मुलग्यांनंतरच्या मुलीच्या वेळी तसा आनंद प्रत्येक घरात होताच असे म्हणवत नाही. त्यातच मुलीचे जातकर्मादी संस्कार अमंत्रक, म्हणजे मंत्रांवाचून, करण्याचा नियम होता. उणेपणा तिला मिळाला तो इथे, झबल्यात नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडच स्वस्त होऊ लागले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, सोलापुरात १८७७ मध्ये गिरणी उभी राहिली, आणि मांजरपाट व मलमल ही गिरणीची कापडे तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचली. शिवणयंत्र मध्यमवर्गीय घरात आले, पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांमधून स्त्रियांना शिवणकाम शिकवले जाऊ लागले, आणि झालरीचे फ्रॉक व विणलेली लोकरी टोपडी बाळंतविड्यात दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धाने ही चैन काही काळ थांबवली. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत यांच्यावर नियंत्रण आणले, कापड मापून मिळू लागले, आणि जुन्या धोतराची झबली शिवण्याचे ज्ञान ज्या घरांतून पुसट झाले होते त्या घरांनाही आजीला पुन्हा विचारावे लागले.

गुलाबी रंग मुलीचा आणि निळा मुलाचा, हा संकेत मराठी घराला त्यानंतर पुष्कळ उशिरा माहीत झाला. तो अमेरिकेच्या कपडेबाजारात घडला, आणि तेथेही तो पुरातन नाही; १९१८ मध्ये तेथील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी हा ठसठशीत रंग मुलग्यांना आणि निळा हा नाजूक रंग मुलींना शोभतो, असा उलटाच सल्ला दिला होता, आणि आजची वाटणी पक्की झाली ती १९४० च्या सुमारास. तयार कपड्यांबरोबर ती भारतात आली आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतरच्या दुकानांतून घट्ट झाली. तिचा परिणाम खिशावर सरळ झाला, कारण ज्या निळ्या झबल्यावर मोटारी छापल्या आहेत ते पाठच्या मुलीला घालायला आई-वडील कचरू लागले आणि धडधाकट कपडे असूनही मुलीसाठी सारे नव्याने आणणे हे प्रेमाचे माप ठरू लागले. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या मनात अपराधीपणाची भावना पेरली गेली. जुन्या व्यवस्थेत या भावनेला जागाच नव्हती. तेव्हा मुलीला भावांचे कपडे मिळत, म्हणून कोणा आईला खाली पाहावे लागत नसे.

भारतात मात्र या बाजाराला एका जागी थांबावे लागते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने तसाच कायदा केला, आणि मूल जन्मेपर्यंत मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा ठरले. त्या कायद्याची गरज किती खरी होती, हे शिरगणतीने दाखवले: महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ या नावाने हाक मारल्या जाणाऱ्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली; त्यांतल्या काहींनी आपले नवे नाव आपणच निवडले.

त्यामुळे मुलगे वाढवलेली मराठी आई आजही मुलीची म्हणून वेगळी तयारी आधी करू शकत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात माळ्यावरची पेटी खाली येते, थोरल्याची झबली गरम पाण्यातून काढून उन्हात वाळत पडतात, तुटलेले बंद नव्याने लावले जातात, आणि दवाखान्यात न्यायच्या पिशवीत ती सर्वांत वर ठेवली जातात. खणांची पेटी तेवढी बंद असते. ती उघडायची की नाही, हे पिशवी घरी परत आल्यावर ठरते.